शब्बाथ पाळायचा का? आधी वाचा, मग ठरवा

मी गेली काही वर्षे शुक्रवारच्या सूर्यास्तापासून शनिवारच्या सूर्यास्तापर्यंत शब्बाथ, म्हणजे बायबलमधला विसाव्याचा दिवस, पाळतो. बायको मात्र रविवारच मानते. भांडण नाही. तुम्हाला ठरवायचे असेल तर माझी पद्धत सांगतो.

आधी बायबलमधले निर्गम 20 आणि अनुवाद 5 हे अध्याय शेजारी ठेवून वाचा. आज्ञा एकच, कारणे दोन: एकीकडे सृष्टीची निर्मिती, दुसरीकडे मिसरातली गुलामी. दुसरे कारण वाचून मी थबकलो, कारण तिथे दास-दासींनीही आपल्यासारखा विसावा घ्यावा असे स्पष्ट म्हटले आहे. म्हणजे आपण आराम करायचा आणि घरकामाला येणाऱ्या बाईंना राबवायचे, हा शब्बाथ नव्हे.

मग विरुद्ध बाजू वाचा, टाळू नका. कलस्सैकरांस 2:16 आणि रोमकरांस 14:5 या पत्रांतल्या वचनांत प्रेषित पौल दिवसांवरून कोणाला दोषी ठरवू देत नाही. ‘कॉन्स्टंटाइनने शब्बाथ बदलला’ हे ऐकाल. या रोमी सम्राटाने इ.स. 321 मध्ये रविवारच्या सुट्टीचा हुकूम काढला हे खरे, पण ख्रिस्ती लोक त्याआधीपासूनच रविवारी जमत होते.

पाळायचे ठरलेच, तर खरी मेहनत शुक्रवारी दुपारी. बायबलमधल्या नहेम्या या यहूदी अधिकाऱ्याने शब्बाथाआधी अंधार पडू लागताच यरुशलेमच्या वेशी बंद करवल्या होत्या. मी फोन बंद करून कपाटात ठेवतो. स्वयंपाक, बिले, इस्त्री आधीच उरकतो. कोणी आजारी पडले तर बेलाशक धावतो, येशूनेही शब्बाथ दिवशी बरे केलेच की.

पहिले चार आठवडे हात सारखा कपाटाकडे जाईल.