कराटेतून ज्युदोत: स्टाइल बदलू पाहणाऱ्यांसाठी

ब्राउन बेल्टच्या आसपास बऱ्याच जणांचं मन कराटेतून उडतं. काता (ठरलेल्या हालचालींचे क्रम) पाठ असतात, परीक्षा पास होत जातात, पण कुमितेत, म्हणजे प्रत्यक्ष लढतीत, समोरचा अंगावर आला की काही सुचत नाही. मग तायक्वांदो बघू, मुए थाई (थाई बॉक्सिंग) बघू, ज्युदो बघू, अशी फिरती सुरू होते. मी त्यातून गेले आहे. आणि ज्युदोत बराच काळ काढूनही, गडबडले की माझा एक हात अजून कराटेच्या सवयीने आपोआप कमरेकडे ओढला जातो. त्यामुळे हे सगळं सुटलेल्या माणसाचं सांगणं आहे असं समजू नका.

स्टाइल बदलणं म्हणजे गुरुद्रोह, असं ऐकवणारे सर प्रत्येक गावात भेटतात. त्यांचं मनावर घेऊ नका. ज्युदोचे जनक जिगोरो कानोंनी तेन्जिन शिन्यो आणि कितो या जुजुत्सूच्या (जुन्या जपानी झटापटीच्या विद्येच्या) दोन परंपरा शिकून मग १८८२ मध्ये कोदोकान ही ज्युदोची शाळा काढली. डान, म्हणजे ब्लॅक बेल्टच्या पायऱ्या, देण्याची पद्धतही त्यांचीच, १८८३ पासूनची. कराटेचे गुरू फुनाकोशींनी ती कराटेत आणली १९२४ मध्ये. म्हणजे ज्या ब्लॅक बेल्टची शपथ घालून तुम्हाला थांबवतात, त्याचं डानसुद्धा ज्युदोच्या घरून आलेलं.

अडचण वेगळीच आहे, आणि ती सांगायलाच मी लिहायला बसले.

सगळे सल्ला देतात, ‘दोन-चार ठिकाणी ट्रायल घे, जिथे जमेल ते निवड.’ मी तेच केलं. तायक्वांदोच्या क्लासमध्ये सर पहिल्याच आठवड्यात म्हणाले, पाय छान चालतो तुझा. चालणारच की! शाळेपासून मावाशी गेरी, कराटेतली गोल फिरवून मारायची किक, मारलेली, आणि तायक्वांदोतली दोल्यो चागी तिची सख्खी बहीण. ज्युदोच्या ट्रायलला मात्र नुसतं पडायला लावलं. मागे पड, बाजूला पड, मॅटवर हात आपट. घरी आले ती मान अवघडूनच. निर्णय सोपा वाटला, तायक्वांदो घेतलं. काही महिने मजेत गेले आणि मग पुन्हा तीच भिंत. समोरची जवळ आली, छातीला छाती लागली, की मी गप्प. रेफरी सोडवेपर्यंत वाट बघायची.

पहिल्या महिन्यात तुम्ही नवी स्टाइल जोखतच नसता. जुन्या स्टाइलची शिल्लक तिथे किती खपते, एवढंच कळतं. जिथे खपते तिथे कौतुक होतं आणि आपण त्याला ‘ही मला सूट होते’ म्हणतो. वास्तविक ज्या कारणाने पहिली सोडली तेच कारण दुसरीतही बसलेलं असतं, कारण दोघी सारख्याच आहेत म्हणून तर आपलं जमलेलं असतं. पुन्हा सांगते, कारण मला हे कोणी सांगितलं नव्हतं: पहिल्या आठवड्यातली शाबासकी पुरावा म्हणून धरू नका. पहिल्या आठवड्यातली फजितीही धरू नका.

मग धरायचं काय? अंतर. प्रत्येक खेळाचे नियम बघा, तो कुठल्या अंतरावर खेळला जातो ते लगेच कळतं. स्पर्धेच्या कराटेत गुण मिळाला की ‘यामे’ (थांबा), दोघं पुन्हा लांब. तायक्वांदोत डोक्यावरच्या साध्या किकला धडावरच्या किकपेक्षा जास्त गुण, आणि डोक्यावर पंच मारायचाच नाही, म्हणून उंच, लांब पायाची चलती. क्योकुशिन या कराटेच्याच शैलीत जवळून पूर्ण ताकदीने मारतात, पण चेहऱ्यावर हाताने नाही. मुए थाईत मानेला धरून गुडघे चालतात. ज्युदोत तर पकड घेतल्याशिवाय पुढचं काही सुरूच होत नाही. जिथे कराटेची लढत थांबते, तिथे ज्युदोची सुरू होते. मी बुटकी, पाय जड, लांबून नेहमीच उशिरा पोचणारी. पण कुणी कॉलर धरली की डोकं शांत राहतं. हे कळलं ते पुढे ज्युदोला गेल्यावर, रांदोरीत (सरावाच्या मोकळ्या लढतीत), दम संपल्यावर. ताजं असताना सगळ्याच स्टाइल आपल्याला शोभतात.

आमच्याकडे तालमीतून आलेला एक मुलगा होता. त्याचा हुकमी डाव पट काढणं, म्हणजे पाय धरून पाडणं. आणि ज्युदोत २०१३ पासून उभ्याने पायाला हात घालायची बंदी. हात गेला की शिक्षा! पहिले काही महिने त्याचं तोंड बघवत नव्हतं. तरी सोडू नकोस म्हणून सगळे मागे लागलो, कारण पकडीत आल्यावर तो कधीच घाबरायचा नाही. डाव गेला होता, अंतर त्याचंच होतं. आज तो ओ-सोतो-गारीने (पायाने समोरच्याचा पाय मागून उडवायच्या डावाने) मला कसा टाकतो ते मला विचारू नका.

एक गोष्ट दरडावून सांगते. उकेमी, म्हणजे इजा न होता पडायची कला, अंगात मुरेपर्यंत रांदोरीला उभं राहू नका, सर म्हणाले तरी. कराटेवाल्यांना पडताना हात टेकायची खोड असते, आणि टेकलेल्या हाताचं मनगट, कोपर किंवा कॉलरबोन जातं. व्हिडिओ बघून घरच्या गादीवर थ्रो शिकणाऱ्यांशी तर मी वादही घालत नाही. उलट जे सर नव्या माणसाला कंटाळा येईपर्यंत पाडून घेतात, त्यांच्याकडे डोळे मिटून जा. आणि जे ‘तीन महिन्यांत ग्रीन बेल्ट’ म्हणतात, त्यांना नमस्कार करून बाहेर या.

वय झालं, आता काय पांढरा पट्टा बांधायचा, ही लाज साधारण दुसऱ्या आठवड्यात जाते. कुणी बघत नसतं, सगळे आपापली पाठ चोळत असतात. जुनं काही वाया जात नाही. तोल, श्वास, समोरच्याचा खांदा वाचणं, सगळं कामी येतं, फक्त उशिरा.

फी महिन्याची भरा, वर्षाची सूट कितीही गोड वाटली तरी. आणि कराटेचा ड्रेस घालून ज्युदोला जाऊ नका. तो कपडा पातळ, पहिल्याच पकडीत काखेत फाटतो. क्लासमध्ये कुणाची तरी जुनी जाड गी (ज्युदोचा ड्रेस) पडलेली असते, ती मागून घ्या. नवी घ्यायला घाई नाही, धुतली की आटते, तेव्हा घ्याल तेव्हा एक माप मोठीच घ्या.