बँडखाली नको ते बँड दिसतात? ऊतीतील प्रथिने काढताना या चुका टाळा

वेस्टर्न ब्लॉटमध्ये, म्हणजे प्रथिने आकारानुसार वेगळी करून हवे ते अँटिबॉडीने पट्ट्याच्या (बँडच्या) रूपात दाखवणाऱ्या चाचणीत, हव्या त्या बँडखाली तीन-चार पुसट बँड दिसले की पहिला संशय अँटिबॉडीवर जातो आणि नवी मागवण्यात महिना निघून जातो. उंदराच्या यकृतावर किंवा स्वादुपिंडावर काम करताना मात्र आधी प्रोटिएज विकरांकडे पाहावे, कारण नमुना तयार होत असतानाच ते प्रथिनाचे तुकडे करत असतात.

जिवंत पेशीत हे विकर बंदोबस्तात असतात: कॅथेप्सिन लायसोसोम या पेशीतील पिशवीत कोंडलेले असते, तर स्वादुपिंडातील ट्रिप्सिन निष्क्रिय ट्रिप्सिनोजेनच्या रूपात साठवलेले असते. ऊती कापली, वाटली की हा बंदोबस्त मोडतो. म्हणून सगळ्या प्राण्यांचे काम उरकेपर्यंत तुकडे बर्फावर ठेवणे ही माझ्या मते सर्वांत महागात पडणारी चूक आहे. बर्फाने विकरांचा वेग मंदावतो, पण ते थांबत नाहीत. तुकडा काढताक्षणी द्रव नायट्रोजनमध्ये टाकावा. पुढे तो वितळू देऊन वाटू नये, कारण गोठताना लायसोसोमची पटले फाटलेली असतात आणि वितळताच आतले विकर मोकळे होतात. गोठलेल्या तुकड्याचीच खलात पूड करून ती थेट निरोधक (विकरांना अडवणारी रसायने) मिसळलेल्या थंड बफरमध्ये घालावी.

‘पीएमएसएफ हा निरोधक तर घातला होता’ हे उत्तर मी अनेकदा ऐकले आहे, आणि खोदून विचारल्यावर बफर सकाळीच तयार केलेला निघतो. पीएमएसएफ पाण्यात टिकत नाही: २५ अंश सेल्सियसला ते पीएच ७.५ असताना सुमारे ५५ मिनिटांत आणि पीएच ८ असताना सुमारे ३५ मिनिटांत निम्मे होते, म्हणजे पीएच ८ च्या बफरमध्ये चार तासांनी शंभरावा हिस्साही उरत नाही. आयसोप्रोपॅनॉलमधील १०० मिलिमोलर साठ्यातून ते वाटण्याच्या अगदी आधी, बफर ढवळत थेंबथेंब घालून १ मिलिमोलर करावे. थंड बफरमध्ये एकदम ओतल्यास पांढरे कण दिसू लागतात, आणि जे विरघळलेच नाही ते काम करणार नाही. ते विषारी असल्याने हातमोजे घालावेतच.

शिवाय प्रोटिएजचे अनेक गट असतात आणि पीएमएसएफ मुख्यतः त्यांतील सेरीन गटाला अडवते. अ‍ॅस्पार्टिक गटासाठी पेपस्टॅटिन, सिस्टीन गटासाठी ई-६४ आणि धातूवर चालणाऱ्या गटासाठी ईडीटीए लागते. मात्र पुढे प्रथिन शुद्ध करायला निकेलचा स्तंभ वापरायचा असेल तर ईडीटीए त्यातील निकेलच ओढून घेते. रक्तातील जीएलपी-१ हे संप्रेरक मोजतानाही चुकीच्या गटाच्या निरोधकावर विसंबण्याचा घोटाळा होतो. ईडीटीएच्या नळीत रक्त घेतल्याने आपण सुरक्षित झालो असे वाटते, पण हे पेप्टाइड काही मिनिटांत तोडणारे डीपीपी-४ सेरीन गटातले असल्याने त्याचा स्वतंत्र निरोधक नळीत आधीच असावा लागतो.

एसडीएस या डिटर्जंटचा बफर मिसळल्यावर नमुने टेबलावर ठेवून जेवायला जाऊ नये. एसडीएसने प्रथिने उलगडतात, पण काही प्रोटिएज त्यातही तग धरतात आणि उलगडलेले प्रथिन त्यांना अधिक सहज कापता येते. म्हणून मिसळताच ९५ अंशांवर पाच मिनिटे तापवावे.

तरीही अँटिबॉडीवरचा संशय जात नसेल, तर एकाच लायसेटचे (ऊती वाटून मिळालेल्या द्रावाचे) दोन भाग करावेत, एक लगेच उकळावा आणि दुसरा खोलीच्या तापमानाला अर्धा तास ठेवून मग उकळावा. दुसऱ्यात मुख्य बँड फिकट होऊन खालचे गडद झाले, तर नमुन्यातील प्रोटिएज अजून जागे आहेत. दोन्ही सारखेच दिसले, तर तुकडे लायसेट होण्याआधीच, ऊती काढताना किंवा वितळताना झाले असू शकतात. म्हणून एक ताजी ऊती काढताक्षणी गोठवून पुन्हा पाहावे, आणि खालचे बँड त्यातही तसेच राहिले तरच नव्या अँटिबॉडीची मागणी नोंदवावी.