तणांच्या बियांना संप्रेरकं देण्याआधी

पेट्री डिश, फिल्टर पेपर, चिमटा वगैरे आहेच. यादीत सगळ्यात वर मात्र संप्रेरक नसलेल्या, फक्त अल्कोहोल मिसळलेल्या पाण्याची डिश लिहा. मागच्या वेळी नेमकी तीच राहिली आणि सगळी मोजणी वाया गेली.

बी कधी गोळा केलं ते पाकिटावर हवं. कोरड्या साठवणीत बऱ्याच तणांची सुप्तावस्था (जिवंत असूनही न उगवणं) आपोआप उतरत जाते, म्हणून ताजं-जुनं बी एकत्र नको. थोडं बी तोलून पाण्यात ठेवा. दिवसभराने वजन तेवढंच राहिलं तर कवच टणक आहे, पाणीच आत शिरत नाही. टाकळ्याचं असं होतं. अशा बियांना जिबरेलिन, म्हणजे उगवण सुरू करणारं संप्रेरक, देणं म्हणजे बंद दाराबाहेर जेवण वाढणं. आधी पॉलिश पेपरने घासा.

द्रावणं. जिबरेलिक ॲसिड (हेच आपलं जिबरेलिन) पाण्यात सहज विरघळत नाही. आधी थोड्या अल्कोहोलमध्ये, मग पाणी. लिटरला 346 मिलिग्रॅम म्हणजे 1 मिलिमोलर तीव्रता, त्यातूनच पुढची पातळ करा. सुप्तावस्था टिकवणारं ॲब्सिसिक ॲसिडही तसंच, पण ते उजेडात बिघडतं. बाटलीला फॉइल गुंडाळा. आणि संप्रेरकाच्या डिशमध्ये जेवढं अल्कोहोल, तेवढंच कंट्रोलमध्ये, म्हणजे तुलनेसाठीच्या संप्रेरकाविना डिशमध्ये. साध्या पाण्याचा कंट्रोल वेगळा ठेवा, पण तो पुरत नाही! जंगली ओटची सुप्तावस्था अल्कोहोलनेही मोडू शकते. श्रेय जिबरेलिनला द्याल आणि फसाल. प्रत्येक तीव्रतेत अल्कोहोल सारखंच पडतंय ना, तेही बघा.

इथेफॉन, म्हणजे इथिलीन हे संप्रेरक सोडणारं रसायन, सर्वांत शेवटी कालवा. आम्लता कमी झाली की ते फुटतं आणि इथिलीन वायू निघतो, तो शेजारच्या डिशनाही लागतो. त्याचा डबा वेगळा, झाकण घट्ट. टारफुला (पिकांच्या मुळांवर जगणारं परजीवी तण) असेल तर आधी आठवडा-दोन आठवडे ओल्या उबेत ठेवा, नाहीतर इथिलीनला तो दाद देत नाही.

उजेड की अंधार, आधीच ठरवा. कित्येक बारीक बियांना उजेड लागतो आणि जिबरेलिन त्याची उणीव भरून काढू शकतं, त्यामुळे अंधारातल्या डिश मंद हिरव्या दिव्यातच उघडायच्या. डिशवर नावं घातली? अल्कोहोलवालीवरही?

मूळ 2 मिलिमीटर बाहेर आलं की उगवलं धरा. न उगवलेलं बी कापून टेट्राझोलियममध्ये, म्हणजे जिवंतपणा तपासणाऱ्या द्रावणात, ठेवा. गर्भ लाल झाला तर जिवंत. बुरशी आलेलं वेगळं मोजा. शेवटी सगळं बी उकळून मगच फेका.