खाऱ्या पाण्याचा नवा टँक : शेवाळ यायच्या आधीची तयारी

माशांचा काचेचा टँक, हीटर, पंप, मीठ, रॉक, वाळू हे सगळं आणलेलं असणारच, त्यावर शब्द घालवत नाही. टीडीएस मीटर (पाण्यात विरघळलेले क्षार मोजणारा) आणलाय का? नसेल तर पाणी भरू नका. मागच्या खेपेला नेमका तोच राहिला होता.

शेवाळ येणारच, तयारी त्याला मुक्काम करू न देण्याची. दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात वाळूवर तपकिरी भुकटी पसरते, बोट फिरवलं की उडते. हे डायटम, म्हणजे एकपेशीय सूक्ष्म शेवाळ. त्यांना कवचासाठी सिलिका लागते. नव्या वाळूतली, रॉकमधली सिलिका सरली की ते आपसूक ओसरतात. पण पाण्यातून रोज नवी येत राहिली तर कशाला ओसरतील? नळाच्या पाण्यातलं बरंचसं आरओ फिल्टर अडवतो, उरलेलं त्याच्या पुढचं डीआय रेझिन (विरघळलेले क्षार धरणारे दाणे) धरतं. रेझिन थकायला लागलं की आधी सिलिका निसटते, आणि ती मीटरवर जवळजवळ उमटतच नाही. म्हणजे मीटर १ दाखवतो तोवर उशीर झालेला असू शकतो. ० म्हणजे ०. १ दिसला की रेझिन बदला. ‘दोन-तीननं काय बिघडतंय’ असं म्हणणाऱ्यांच्याच टँकची वाळू सहा महिने तपकिरी असते. मोजायचं डीआयमधून बाहेर पडलेलं पाणी, नुसतं आरओचं नाही. आणि युनिट सुरू केल्यावर पहिल्या दोन-तीन मिनिटांचं पाणी डीआयकडे न सोडता फेका. त्यात क्षार जास्त असतात, रेझिन फुकट खर्ची पडतं.

टॉप-अपलाही (उडून गेलेलं पाणी भरून काढायला) हेच पाणी, नळाचं नाही. ‘थोडंसंच तर घालायचंय’ ही पळवाट चालणार नाही. वाफ होऊन नुसतं पाणी जातं. फॉस्फेट, नायट्रेट, सिलिका मागेच राहतात आणि रोजच्या लिटर-दीड लिटरनं साठत जातात. टॉप-अपच्या डब्यातही मीटर बुडवा.

दिवे. सुक्या रॉकवर सायकल (अमोनिया पचवणारे बॅक्टेरिया वसवणं) चालू असेल तर बंदच ठेवा, बॅक्टेरियाला उजेड लागत नाही. तीन ते सहा आठवडे काळोख सोसा. मग रोज ४ तास, दर आठवड्याला तासभर वाढवत ८ पर्यंत. टायमर लावा, हातानं चालू-बंद करणं चार दिवस टिकतं. खिडकीतलं ऊन टँकवर पडत असेल तर हा सगळा हिशोब वाया.

नायट्रेट आणि फॉस्फेटची किट हवीत. नायट्रेट ५ ते १० पीपीएम (दशलक्षात इतके भाग), फॉस्फेट ०.०३ ते ०.१ ठीक. हिरवे केस (केसांसारखं लांब शेवाळ) माजलेले असताना फॉस्फेट शून्य आलं तर हुरळू नका, ते शेवाळानंच खाल्लेलं असतं. आणि घाबरून पहिल्या दिवसापासून जीएफओ (फॉस्फेट शोषणारे लोहाचे दाणे) ओतू नका! दोन्ही आकडे खरोखर शून्यावर गेले की डायनोफ्लॅजेलेटना रान मोकळं मिळतं : तपकिरी, शेंबडासारखे धागे, टोकाला बुडबुडे, सकाळी कमी आणि संध्याकाळी भरपूर. त्यापुढे डायटम परवडले.

गोगलगायी अमोनिया आणि नायट्राइट शून्य झाल्यावरच. १०० लिटरला चार-पाच पुरेत. जास्त आणल्या तर उपाशी मरतात आणि कुजून शेवाळालाच खत होतात. ट्रोकस जातीची घ्या, उलटी पडली तरी स्वतः सरळ होते. अ‍ॅस्ट्रियाला बहुधा हात द्यावा लागतो. टँकचं थेंबथेंब पाणी देत तासभर रुळवा. तांबं असलेलं औषध टँकमध्ये कधीच नको.

काचेसाठी चुंबकाचा स्क्रेपर. वाळूजवळ जपून, एक कण अडकला की कायमचा ओरखडा. हिरवे केस हातानं उपटा. जे उरतील ते, रॉक बाहेर काढून, बदललेल्या खाऱ्या पाण्याच्या बादलीत टूथब्रशनं घासा, टँकमध्ये घासलं तर तुकडे सगळीकडे रुजतात. लाल-जांभळी साय म्हणजे सायनो (सायनोबॅक्टेरिया), बारीक नळीनं ओढून घ्या. फ्रोझन खाणं धुऊन घाला. फिल्टर सॉक (पाणी गाळणारी कापडी पिशवी) तीन-चार दिवसांनी बदला.

आठवड्याला १० टक्के पाणी बदल, खारटपणा १.०२५ (विशिष्ट गुरुत्व). त्या पाण्याचा टीडीएस मीठ घालण्याआधी बघा, नंतर त्या आकड्याला काही अर्थ नाही. मीटरचे जादा सेलही आणून ठेवा.