मूल वाढत नाही असं वाटलं, तर कुठून बघायला सुरुवात करायची

“आमच्याकडे सगळेच बुटके” हे वाक्य मुलांची मापं घेताना मी इतक्यांदा ऐकलंय की हल्ली ते कानावर पडलं की पट्टी बाजूला ठेवून घरचंच विचारायला लागते. पाचाच्या आतलं मूल असेल, तर लगेच आनुवंशिकतेवर खापर फोडू नका. जागतिक आरोग्य संघटनेचे २००६चे मुलांच्या वाढीचे तक्ते ब्राझील, घाना, भारत, नॉर्वे, ओमान आणि अमेरिका इथल्या मुलांवरून बनलेत. चांगलं खाणं आणि निगा मिळालेली ही मुलं जवळपास सारखीच वाढली होती.

आधी नीट मोजा. दोन वर्षांच्या आतलं मूल झोपवून, त्यापुढचं उभं करून. झोपवून घेतलेलं माप साधारण ०.७ सेंमी जास्त भरतं. पद्धत बदलल्यावर मूल आखडल्यासारखं वाटतं. (मीही एका आईला असंच उगाच रडवलंय.) एका मापावर विसंबू नका. दर महिन्याला वजनाचा आणि दोन-तीन महिन्यांनी उंचीचा ठिपका तक्त्यावर द्या, रेघ कुठे आडवी होतेय ते दिसेल.

ती आडवी झाली त्या सुमारास घरात काय घडलं, ते आठवा. काम सुटलं? कर्ज झालं? धाकटं भावंड आलं? हात आखडला की धान्य येत राहतं. दूध, अंडी, फळं मात्र गुपचूप कमी होतात. पोट भरलेलं दिसतं, म्हणून कुणाच्या ध्यानात येत नाही. आणि कमाई तेवढीच असली, तरी ती कुणाच्या हातात आहे हेही विचारा. मला यात नेहमी फरक दिसलाय.

मग भरवतं कोण? नऊ महिन्यांनंतर दिवसातून तीन-चार वेळा जेवण लागतं. आई कामावर आणि सांभाळायला सात वर्षांची ताई असेल, तर त्यातलं एखादं हमखास हुकतं. एकच करा: मुलाची वाटी वेगळी ठेवा. सगळ्यांबरोबर खाल्लं की किती पोटात गेलं, कळतच नाही. पैसे कमी असतील तर निदान त्या वाटीत चमचाभर तेल घाला. जुलाब होऊन गेल्यावर दोन आठवडे रोज एक जेवण जास्त द्या.

सहा महिने ते पाच वर्षांच्या मुलाच्या दंडाचा घेर ११.५ सेंमीपेक्षा कमी भरला, किंवा दोन्ही पावलांवर सूज असली, तर हिशेब मांडत बसू नका. त्याच दिवशी दवाखाना गाठा.