चंद्रकलांचं मॉडेल करताय? या चुका टाळा

विज्ञान प्रदर्शनात चंद्रकलांचं मॉडेल हमखास असतं. शेजारी उभ्या असलेल्या मुलाला विचारा, ‘चतुर्थीला पूर्ण चंद्र का दिसत नाही?’ बहुतेक वेळा उत्तर येतं, ‘पृथ्वीची सावली पडते म्हणून.’ दोष मुलाचा नाही. मॉडेलच त्याला तसं शिकवतं.

अंधारी खोली, डोक्याच्या उंचीवर एक उघडा बल्ब आणि विणकामाच्या सुईला टोचलेला थर्माकोलचा चेंडू, एवढं सामान पुरे. चेंडू म्हणजे चंद्र, तुमचं डोकं म्हणजे पृथ्वी. हात लांब करून चेंडू समोर धरायचा आणि जागच्या जागी फिरायचं. गडबड होते ती बल्बकडे पाठ झाल्यावर. चेंडू डोक्याच्या रेषेत असेल, तर ऐन पौर्णिमेला त्यावर आपल्याच डोक्याची सावली पडते. ते ग्रहण झालं, कला नव्हे. चेंडू थोडा वर उचला, लगेच पूर्ण उजळेल. खऱ्या चंद्राची कक्षाही पृथ्वीच्या कक्षेशी सुमारे ५ अंशांनी कललेली आहे, म्हणूनच दर पौर्णिमेला ग्रहण होत नाही.

फिरायचं ते डाव्या हाताकडे. उजवीकडे फिरलात तर अमावास्येनंतर चेंडूची डावी कड उजळते. आपल्याकडे बीजेची कोर संध्याकाळी पश्चिमेला दिसते तेव्हा तिची सूर्याकडची, उजवी-खालची कड उजळलेली असते. पांढऱ्या भिंतीला खेटून उभं राहू नका, भिंतीवरून परतलेल्या उजेडानं कला पुसट होतात.

मॉडेल जमलं का, ते पंचांगाशी ताडून पाहा. चंद्र रोज सरासरी ५० मिनिटं उशिरा उगवतो. पौर्णिमेचा चंद्र सूर्य मावळताना उगवतो, संकष्टीचा रात्री नऊच्या आसपास, वद्य अष्टमीचा मध्यरात्रीच्या सुमारास. श्रावणातले ढग बाजूला झाले, तर जन्माष्टमीला पाळणा हलवतानाच अर्धा चंद्र पूर्वेला वर येताना दिसतो. हे एकदा डोळ्यांनी पाहिलं, की मध्यरात्री डोक्यावर कोर आणि कोरीच्या कुशीत चांदणी काढलेली चित्रं खटकू लागतात. त्या पोकळीत चंद्राचाच अंधारा भाग असतो, त्यातून चांदणी दिसणार कशी?

ऋतूंच्या मॉडेलमधली चूक मी शिक्षकांच्या हातूनही होताना पाहिली आहे. पृथ्वीगोल बल्बभोवती नेताना त्याचा आस दर वेळी बल्बकडेच झुकवला जातो. मग उत्तर गोलार्धात बारा महिने उन्हाळा! खोलीची एक भिंत ध्रुवताऱ्याची ठरवा आणि पूर्ण फेरीत २३.५ अंश कललेला आस त्याच दिशेला ठेवा. कक्षा लांबट अंड्यासारखी काढू नका. पृथ्वी जानेवारीच्या सुरुवातीला सूर्यापासून सुमारे १४.७ कोटी किलोमीटरवर, तर जुलैच्या सुरुवातीला १५.२ कोटींवर असते. म्हणजे आपल्या थंडीतच ती सूर्याला सर्वांत जवळ असते. पुण्या-मुंबईत मेच्या मध्यावर सूर्य थेट डोक्यावर येतो आणि उभ्या काठीची सावली नाहीशी होते. फक्त घड्याळात बाराला बघू नका, मुंबईत तेव्हा मध्यान्ह साधारण १२.३५ ला होते.

ग्रहमालेच्या तक्त्यांत नावांची सरमिसळ असते. आर्यभटानं इ. स. ४९९ च्या सुमारास पृथ्वी स्वतःभोवती फिरते असं मांडलं, पण त्याच्या ग्रहगणितात ती सूर्याभोवती फिरत नाही. कोपर्निकसनं १५४३ साली सूर्य मध्यभागी आणला, तरी वर्तुळं सोडली नाहीत. लंबवर्तुळं आली ती केपलरबरोबर, १६०९ मध्ये. त्यामुळे लंबवर्तुळाकार कक्षांच्या तक्त्यावर कोपर्निकसचं नाव घालू नका.

पृथ्वी मध्यभागी मानणाऱ्या टॉलेमीच्या मांडणीत शुक्र कायम सूर्याच्या अलीकडे राहतो. १६१० च्या अखेरीस गॅलिलिओला दुर्बिणीतून शुक्राच्या कला दिसल्या आणि ही मांडणी टिकेना. तोच बल्ब वापरून हे करून बघा. छोटी थर्माकोलची गोळी बल्बच्या अलीकडेच फिरवली, तर तिची कोरच दिसते. बल्बला वळसा घालून पलीकडे नेलीत, तरच ती जवळजवळ पूर्ण उजळते, आणि लहानही दिसते.