अबू सिंबेलला एक रात्र मुक्काम करा

इजिप्तमधील आस्वान शहराहून सुमारे 280 किलोमीटर वाळवंट तुडवून अबू सिंबेलला जाणारे बहुतेक प्रवासी दोन तासांत मंदिर पाहून परततात; त्याऐवजी गावातच एक रात्र राहावे. दर्शनी भाग पूर्वाभिमुख असल्याने प्राचीन इजिप्तचा राजा रामसेस दुसरा याच्या सुमारे 20 मीटर उंचीच्या बैठ्या मूर्ती कोवळ्या उन्हातच खुलतात आणि आस्वानच्या बसगाड्या पोहोचेपर्यंत तेथे गर्दीही नसते. संध्याकाळ नुबियन, म्हणजे या भागातील नाईलकाठच्या मूळ रहिवासी, कुटुंबाच्या अतिथिगृहात घालवावी. तेथे मिळणारे गडद लाल करकडे म्हणजे आपल्या लाल अंबाडीच्या बोंडांचेच पेय. आस्वानच्या धरणामुळे या लोकांची गावे नासर जलाशयात बुडाली, हे ध्यानात ठेवून घरांची वा माणसांची छायाचित्रे विचारूनच काढावीत. पाणी मात्र आस्वानलाच भरून घ्यावे.